उल्लास साक्षरता कार्यक्रम : नोंदणी कोणाची होते, कागद कोणते लागतात आणि नाव नेमके कुठे अडकते

उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम ही केंद्रपुरस्कृत योजना 2022-23 ते 2026-27 या पाच आर्थिक वर्षांसाठी आखलेली आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या 15 वर्षे व त्यापुढील व्यक्तींना पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान देणे हा तिच्या पाच घटकांपैकी पहिला घटक होय. नोंदणीला शुल्क नाही, शिकून झाल्यावर होणाऱ्या परीक्षेलाही नाही, आणि शिकणाऱ्याकडून योजना जवळपास काहीच मागत नाही. असे असूनही परीक्षेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात यादीवर नाव नसलेल्या बायका हातात आधार कार्ड घेऊन ताटकळत उभ्या असतात. याचे कारण बहुतेक वेळा नियमात सापडत नाही. नियम सांगणाऱ्याने तो अर्धवट वाचलेला असतो.

पहिला घोळ वयाचा आहे. किमान वय 15 वर्षे पूर्ण असावे एवढीच अट असून कमाल वयाची मर्यादा नाही. मार्गदर्शक सूचनांत 15 ते 35 या वयोगटाला प्राधान्य द्यावे आणि त्यानंतर 35 वर्षांपुढील व्यक्तींकडे वळावे, असे म्हटले आहे. हे वाक्य कामाचा क्रम सांगते, कोणाला वगळत नाही. पण गावपातळीवर पोहोचेपर्यंत त्याचे ‘पस्तिशीपुढच्यांना घेत नाहीत’ असे रूप होते आणि साठीच्या आजीला दारातूनच परत पाठवले जाते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा तर साठीपुढच्या स्त्रियांसाठीच होती, आणि तिची दखल देशाबाहेरही घेतली गेली. तेव्हा वयाचे कारण सांगून कोणी नाव नाकारले, तर हा नियम कुठे लिहिला आहे ते दाखवा, असे नम्रपणे पण ठामपणे विचारावे.

दुसरा घोळ ‘निरक्षर’ कोणाला म्हणायचे याचा. बचत गटाच्या रजिस्टरवर अंगठ्याऐवजी सही करणारी बाई निरक्षरांच्या सर्वेक्षणात सहज ‘साक्षर’ म्हणून गणली जाते. 2011 च्या जनगणनेची व्याख्यासुद्धा कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येणे अशी होती. सरावाने गिरवलेली सही त्यात बसत नाही. सही येते, पण त्याच पानावर आपल्या नावापुढे किती रक्कम लिहिली आहे ते वाचता येत नाही, अशा व्यक्तीने सर्वेक्षकाला तसे स्पष्ट सांगावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र घरातली कर्ती मंडळी सर्वेक्षकासमोर परस्पर ‘तिला येतं सगळं’ असे उत्तर देऊन मोकळी होतात आणि तिचे नाव तिथेच गळते.

कागदपत्रांबाबत सर्वांत त्रासदायक मागणी होते ती शाळा सोडल्याच्या दाखल्याची. जी व्यक्ती शाळेची पायरीच चढली नाही तिच्याकडे हा दाखला मागणाऱ्याने क्षणभर थांबून विचार केला तरी पुरे. नोंदणीसाठी नाव, वय, पत्ता यांसारखी साधी माहिती लागते. परीक्षेच्या दिवशी एक छायाचित्र आणि आधार कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा बँक पासबुक यांसारखा ओळख पटवणारा एखादा कागद जवळ ठेवावा. जन्मदाखला नाही म्हणून कोणी मागे फिरू नये.

कागद साधे असले तरी नावात मात्र काळजी घ्यावी लागते. आधार कार्डावर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, आणि गावात तिसऱ्याच नावाने ओळख, अशी अवस्था असंख्य स्त्रियांची असते. सर्वेक्षक शेजारणीने सांगितलेले नाव लिहून घेतो, पुढे तेच नाव यादीत येते, तेच प्रमाणपत्रावर छापले जाते आणि मग ते प्रमाणपत्र दुसऱ्या कोणत्याही कागदाशी जुळत नाही. म्हणून नाव तोंडी सांगू नये; जो कागद परीक्षेला नेणार आहात तोच सर्वेक्षकापुढे ठेवावा आणि त्यावरून अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायला सांगावे. दुरुस्ती नोंदणीच्या वेळी मिनिटभरात होते. प्रमाणपत्र छापून आल्यावर त्याच दुरुस्तीसाठी किती खेटे घालावे लागतील हे कोणीच खात्रीने सांगत नाही.

प्रत्यक्ष नोंदणी जवळच्या शाळेमार्फत किंवा स्वतः उल्लास ॲपवरून करता येते. या योजनेत शाळा हेच अंमलबजावणीचे एकक आहे, त्यामुळे पहिली चौकशी मुख्याध्यापकांकडेच करावी.

यापुढची पायरी मात्र कोणी नीट समजावून सांगत नाही. सर्वेक्षणाच्या कागदी यादीत नाव आले म्हणजे काम झाले, असे लोक समजतात. तसे नसते. ती नोंद ॲपवर चढावी लागते आणि त्यानंतर शिकणारी व्यक्ती व तिला शिकवणारा स्वयंसेवक यांची ॲपवर जोडणी करावी लागते. शाळांमध्ये याला ‘टॅगिंग’ म्हणतात. टॅगिंग झाले का, कोणाशी झाले, हे विचारायला संकोच करू नये. शिक्षकांवर इतर ऑनलाइन माहित्या भरण्याचा एवढा भार असतो की कागदावरची नावे कागदावरच राहणे अजिबात अशक्य नाही, आणि ‘वर पाठवले आहे’ या उत्तरावर समाधान मानणाऱ्याचा पत्ता बहुधा परीक्षेच्या दिवशीच कट होतो.

स्वयंसेवक कोण होऊ शकतो, हा प्रश्नही वारंवार येतो. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, महाविद्यालयीन आणि शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी, अंगणवाडी आणि आशा कार्यकर्त्या यांपैकी कोणीही हे काम करू शकते. मात्र मानधन नाही. ‘साक्षरता शिक्षक भरती’ अशा मथळ्याचे संदेश मोबाइलवर फिरतात आणि बेरोजगार तरुण त्यावर विश्वास ठेवून नोंदणी करतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. योजनेचा एकूण खर्च 1037.90 कोटी रुपये (केंद्राचा वाटा 700 कोटी, राज्यांचा 337.90 कोटी) आणि पाच वर्षांचे लक्ष्य पाच कोटी व्यक्तींचे आहे. म्हणजे माणशी जेमतेम 207 रुपये पडतात. यातून कोणाचेही मानधन निघणार नाही, हे उघड आहे. विनावेतन कामावर अख्खी योजना उभी करणे कितपत रास्त आहे, हा प्रश्न वेगळा आणि खरा आहे, परंतु त्याचे उत्तर अर्जदाराने द्यायचे नाही.

या रचनेचा एक फायदा असा की वर्गाची जागा आणि वेळ ठरवणे गावाच्या हाती राहते. आठवी-नववीतली नात आजीला घरीच शिकवू शकते. गटाची मासिक बैठक संपल्यावर देवळाच्या ओसरीत तासभर वर्ग भरू शकतो. महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्राम शिक्षण मोहिमेत निरक्षरांना शिकवण्याची जबाबदारी गावाने स्वतःकडे घेतली आणि पुढे ती मोहीम राज्यभर पसरली. आजही जिथे बचत गट किंवा वस्तीतली मंडळी पंधरा-वीस नावांची यादी घेऊन एकत्र शाळेत जातात, तिथे नोंदणी आणि टॅगिंग लवकर होते, कारण एकट्या बाईला ‘नंतर या’ म्हणणे जितके सोपे असते तितके घोळक्याला म्हणणे सोपे नसते. शक्य असेल तर एकट्याने जाऊ नये.

परीक्षा 150 गुणांची असते : वाचन 50, लेखन 50 आणि संख्याज्ञान 50. प्रत्येक भागात 33 टक्के, म्हणजे 17 गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. एकूण 51 झाले म्हणून भागत नाही. एखाद्या भागात थोडे गुण कमी पडल्यास वाढीव गुण मिळतात, पण तिन्ही भाग मिळून पाचपेक्षा जास्त नाहीत. लोक अडकतात ते बहुधा संख्याज्ञानात, आणि तेही हिशेबात पक्के असलेले. बाजारात भाजी विकणारी बाई अडीच किलोचे पैसे क्षणात सांगते, परंतु तीच बेरीज कागदावर उभी मांडून हातचा कुठे लिहायचा हे तिला कोणी दाखवलेले नसते. स्वयंसेवकांनी शेवटचे काही आठवडे तोंडी हिशेब कागदावर उतरवण्याच्या सरावाला द्यावेत. वेळ तीन तासांचा असून दिव्यांग परीक्षार्थींना 30 मिनिटे अधिक मिळतात. सकाळी 10 ते सायंकाळी 5 या दरम्यान आपल्या सोयीने येता येते, त्यामुळे उशीर झाला म्हणून घरी बसू नये. मात्र पूर्ण तीन तास हाताशी राहतील अशा बेताने निघावे.

आता तारखेविषयी. महाराष्ट्रात ही परीक्षा 17 मार्च 2024 आणि 23 मार्च 2025 रोजी झाली. दोन्ही वेळा रविवार होता. ज्या शाळेतून नोंदणी झाली तीच शाळा परीक्षा केंद्र असते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे मार्चमध्ये अनेकदा गावाबाहेरच असतात, आणि नेमकी याच लोकांत निरक्षरता अधिक आहे. वर्षातला हा महिना ठरवताना कोणाचा विचार झाला, हे समजत नाही. ज्यांना स्थलांतर करावे लागते त्यांनी नोंदणी करतानाच मुख्याध्यापकांना हे सांगावे आणि वर्षातले बहुतेक महिने जिथे राहतात तिथल्या शाळेतून नोंदणी होईल का, ते विचारावे. दोन्हीकडे नाव घालू नये.

जे परीक्षार्थी कमी पडतात त्यांच्या गुणपत्रकावर ‘अनुत्तीर्ण’ असे न लिहिता ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा येतो आणि त्यांना पुन्हा बसता येते. उत्तीर्णांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र जन्मतारखेचा पुरावा नाही आणि शाळा सोडल्याचा दाखलाही नाही. त्यांच्या जागी ते नोकरीच्या अर्जाला जोडून भागणार नाही. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी याच संस्थेचे मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर असून ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. आठवीची अट असलेल्या कामासाठी क स्तराचे प्रमाणपत्र लागेल, आणि त्याची नोंदणी या योजनेपासून पूर्णपणे वेगळी करावी लागते.