दाब-उंची आणि घनता-उंची : इंजिन चाचणीच्या नोंदीतली जुनी गल्लत

छोट्या विमानाच्या पिस्टन इंजिनाची उंचावर चाचणी घेऊन नोंदवहीत नुसते ‘घनता-उंची 12,400 फूट, फुल थ्रॉटल (थ्रॉटल पूर्ण उघडा)’ असे लिहिलेले दिसले, की ते उड्डाण वाया गेले असे मी धरून चालतो.

दाब-उंची वैमानिकाला ठाऊकच असते : अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारे उपकरण, 1013.25 हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावर ठेवून वाचलेला आकडा. (त्या रकान्यात स्थानिक दाब लावून वाचलेली उंची भरणे मला मुळीच खपत नाही.) त्यात तापमानाची दुरुस्ती केली, म्हणजे प्रमाण तापमानापेक्षा (प्रमाण वातावरणात त्या उंचीला धरलेल्या तापमानापेक्षा) अधिक असलेल्या प्रत्येक अंशामागे साधारण 120 फूट मिळवले, की घनता-उंची, म्हणजे प्रमाण वातावरणात हवा तितकीच विरळ असते ती उंची, मिळते. 10,000 फूट दाब-उंचीवर प्रमाण तापमान उणे 5 अंश सेल्सिअस. तिथे 15 अंश असेल, तर घनता-उंची सुमारे 12,400 फूट.

खरी गल्लत इथून पुढे होते. पंख आणि प्रोपेलर घनतेवर चालतात, म्हणून इंजिनाचेही तसेच असणार, असे गृहीत धरले जाते. टर्बो नसलेल्या इंजिनात फुल थ्रॉटलला मॅनिफोल्ड दाब (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब) बाहेरच्या हवेच्या दाबावर ठरतो. 10,000 फुटांवर त्याचा काटा पाऱ्याच्या वीस इंचांच्या आसपास राहतो, मग हवा थंड असो वा गरम. हा दाब तोच राहून हवा तापली, तर शक्ती घनतेच्या प्रमाणात नव्हे, तर साधारणपणे केल्विन तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. वरच्या उदाहरणात घनता सुमारे 7 टक्क्यांनी घटते, शक्ती मात्र साडेतीनच टक्क्यांनी. त्यामुळे प्रमाण हवेत खरोखरच 12,400 फुटांवर चालणाऱ्या इंजिनापेक्षा 10,000 फुटांवरच्या उष्ण हवेत तेच इंजिन चार-पाच टक्के अधिक शक्ती देते, आणि घनता-उंची मात्र दोन्हीकडे एकच लिहिली जाते. अशा दोन दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की ते चार-पाच टक्के नव्या एक्झॉस्टच्या किंवा बदललेल्या टायमिंगच्या खात्यावर जमा होतात.

म्हणून दाब-उंची आणि तापमान वेगवेगळे लिहावे. घनता-उंची त्यांवरून केव्हाही काढता येते, पण नुसत्या घनता-उंचीवरून ती दोन्ही परत मिळत नाहीत. तापमानही दोन ठिकाणी मोजावे : एकदा बाहेरच्या हवेचे आणि एकदा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, कारण काउलिंगमधून (इंजिनावरच्या आवरणातून) जाताना हवा तापते आणि इंजिन ओढून घेते ती हीच तापलेली हवा.