गॉथिक कॅथेड्रल बघायला जाताय? आधी बाहेरून चक्कर मारा

डिसेंबर २०२४ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम, म्हणजे मध्ययुगातल्या गॉथिक शैलीतलं मोठं चर्च (कॅथेड्रल), परत उघडलं, आणि तेव्हापासून ओळखीतलं जो कोणी युरोप टूरला जातो त्याचे तिथले फोटो ग्रुपवर येतातच. फोटोंच्या मागोमाग ते फॉरवर्डही येतं, की बघा ८०० वर्षांपूर्वी क्रेन नाही, लोखंड नाही, सिमेंट नाही, तरी एवढी इमारत उभी, हे गुप्त ज्ञान आजच्या इंजिनिअरलाही कळलेलं नाही वगैरे वगैरे. यातलं फक्त सिमेंटचं खरं आहे, तिथे चुना होता. क्रेन होत्या, लाकडी मोठ्या चाकात माणूस चालायचा आणि दगड वर जायचा. लोखंडही होतं, २०१९ च्या आगीनंतर दुरुस्तीच्या वेळी दगडांना दगड जोडणारे लोखंडी आकडे तिथे सापडले आणि त्यातले सगळ्यात जुने ११६० च्या दशकातले निघाले. आणि इमारत उभी कशी हे आपल्याला चांगलं कळलेलं आहे. मला तर तो सगळा हिशोबच त्या इमारतीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून हा लेख.

बहुतेक लोक समोरच्या दोन टॉवरचा फोटो काढतात, आत जातात, रंगीत काचा बघतात, बाहेर येतात. माझं म्हणणं आहे की आधी मागच्या बाजूला जा. नोत्र दामच्या बाबतीत सीन नदीवरच्या पाँ द ला तुर्नेल या पुलावरून पूर्वेकडची बाजू मस्त दिसते. भिंतीपासून सुटून बाहेर झेपावलेल्या दगडी अर्धकमानी दिसतील, त्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात. बघणाऱ्याला पटकन वाटतं की भिंत कलायला लागली म्हणून हे टेकू लावले असणार. भिंतीत काही दोष नाहीये. भिंतीला आतून कोणीतरी ढकलतंय, सतत, रात्रंदिवस, आणि ते ढकलणं भिंतीवर न घेता बाहेर वाहून न्यायला या कमानी आहेत. ढकलतंय ते वरचं दगडी छत, म्हणजे व्हॉल्ट.

दगड दाबाला जबरदस्त असतो, ताणाला कच्चा. दोन खांबांवर दगडाची आडवी तुळई ठेवली की ती किंचित वाकते, वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, आणि तडा जातो तो खालून. आपलं अंबरनाथचं शिवमंदिर घ्या, शके ९८२ चं म्हणजे इ.स. १०६० चं. तिथे खांब एवढे जवळजवळ का आहेत त्याचं हे एक मोठं कारण, तुळई लांब करताच येत नाही. आणि वरचे छोटे घुमट एकेक थर थोडाथोडा पुढे सरकवत मिटवत आणलेले असतात, त्यामुळे वजन जवळपास सरळ खाली जातं, बाजूला रेटा फारसा येत नाही. शांत, स्थिर पद्धत आहे ती. पण तिने १२ मीटर रुंद आणि ३३ मीटर उंच मोकळा हॉल होत नाही, आणि नोत्र दामचा मधला भाग साधारण तेवढा आहे.

तेवढ्या रुंदीला खरी कमान लागते. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, ताण कुठेच येत नाही, दगडाला हवं तसं. पण याची किंमत मोजावी लागते. दोघांनी समोरासमोर उभं राहून तळव्याला तळवे लावा आणि पाय हळूहळू मागे न्या, दोघं मिळून कमान होता. आता पाय बाहेर घसरायला लागतात, आणि कोणीतरी तुमच्या टाचेमागे पाय रोवला तरच तुम्ही टिकता. कमान आपल्या आधारांना बाहेर रेटतेच, ती चांगली बांधली असो की वाईट, नवी असो की जुनी.

रेटा किती? थोडं गणित करू, शाळेतलंच आहे. कमानीवर दर मीटरला सारखं वजन आहे असं धरलं तर आडवा रेटा म्हणजे दर मीटरचं वजन गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले कमानीच्या उंचीची आठपट. रुंदी १२ मीटर, वजन मीटरला १ टन घ्या. अर्धगोल कमानीची उंची रुंदीच्या निम्मी म्हणजे ६ मीटर, तर रेटा १४४ भागिले ४८ म्हणजे ३ टन. आता तीच कमान टोकदार करून ९ मीटर उंच केली तर १४४ भागिले ७२, म्हणजे २ टन. रेटा एक तृतीयांश कमी झाला, फक्त आकार बदलून! (उंच कमानीत दगड जास्त लागतो त्यामुळे प्रत्यक्षात फायदा थोडा कमी होतो, पण होतो.) गॉथिक कमानी टोकदार असतात त्या स्वर्गाकडे बोट दाखवायला असं गाइड सांगतात, बांधणाऱ्यांच्या मनात तेही असेल, पण रेट्याचा हा फायदा अगदी ठोस आहे. शिवाय टोकदार कमान रुंद असो वा अरुंद, माथा एकाच उंचीवर आणता येतो, अर्धगोलाला ते शक्य नाही कारण तिथे रुंदी ठरली की उंची ठरलीच.

आता हा रेटा जमिनीपासून २५-३० मीटर वर भिंतीला लागतोय. एवढ्या वरून ढकललं की भिंत पायापाशी उलटायला बघते. एक उपाय म्हणजे भिंत प्रचंड जाड करा, आधीच्या रोमनेस्क चर्चमध्ये तेच असतं, जाड भिंती, छोट्या खिडक्या, आत अंधार. गॉथिकवाल्यांनी भिंत बारीक केली आणि रेटा वरच्या वर अर्धकमानीत घेतला, बाजूच्या कमी उंचीच्या भागाच्या छतावरून पलीकडे नेला आणि बाहेर उभ्या केलेल्या जाडजूड खांबात सोडला. भिंतीला आता स्वतःचं वजन सोडून फारसं कामच उरलं नाही, मग तिच्या जागी काच लावता आली. आतल्या त्या रंगीत काचा बघताना हे डोक्यात असू द्या, काचेमागचं सगळं बळ बाहेर उभं आहे. खूप ठिकाणी अर्धकमानी दोन मजली असतात, खालची मुख्यतः व्हॉल्टचा रेटा घेते आणि वरची उंच उतरत्या छपरावर आपटणाऱ्या वाऱ्याचा. आणि त्यांच्या पाठीवरून बऱ्याचदा पावसाच्या पाण्याची पन्हळ काढलेली असते, तेच पाणी शेवटी गार्गॉयलच्या, म्हणजे विचित्र प्राण्याच्या आकाराच्या दगडी पन्हळीच्या, तोंडातून बाहेर पडतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आडवा रेटा अधिक खाली जाणारं वजन, दोन्ही मिळून एक तिरकी दिशा तयार होते. ही दिशा दगडादगडातून जोडत गेलात की एक रेघ मिळते, तिला थ्रस्ट लाइन म्हणतात. बाहेरच्या खांबात ही रेघ तिरकी शिरते आणि जसजशी खाली जाते तसतसं खांबाचं वजन तिच्यात मिसळतं आणि ती उभी होत जाते. खांबाच्या डोक्यावर जे नक्षीदार सुळके असतात ना, तेही नुसती शोभा नाहीत, त्यांचं वजन खांबाच्या माथ्याचे दगड सरकू न द्यायला मदत करतं. अट एकच, रेघ सगळीकडे दगडाच्या आत राहिली पाहिजे. कडेला टेकली की तिथे फट उघडते आणि बिजागरीसारखा सांधा तयार होतो, बाहेर गेली की संपलं. या रेघेचा आकार कसा शोधायचा ते इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने १६७५ साली सांगितलं, तेही अक्षरं उलटसुलट करून कोड्यात, की लवचीक साखळी जशी लटकते तशीच उलटी केलेली कडक कमान उभी राहते. साखळीत नुसता ताण असतो, उलटी केली की नुसता दाब. १७४८ मध्ये इटालियन गणितज्ञ पोलेनीने रोमच्या सेंट पीटरच्या तडे गेलेल्या घुमटासाठी खरंच वजनं अडकवून साखळी टांगली, तिचा आकार घुमटाच्या जाडीत बसतो हे दाखवलं, आणि घुमट पडणार नाही असं सांगितलं.

१९६६ मध्ये केंब्रिजचे इंजिनिअर हेमन यांनी हे सगळं आधुनिक गणितात पक्कं केलं. दगडात मावणारी, वजनाशी जुळणारी एक जरी रेघ तुम्हाला काढून दाखवता आली तर बांधकाम उभं राहील, खरी रेघ नेमकी कुठून जातेय हे कळलं नाही तरी चालेल. यात दगड किती मजबूत हा प्रश्नच येत नाही, फक्त आकार. कारण दगड चिरडायची वेळच येत नाही. मध्यम प्रतीचा दगड चौरस मीटरला ४ कोटी न्यूटन दाब सोसतो, त्याचं वजन घनमीटरला २० हजार न्यूटन धरा, भागाकार करा, २,००० मीटर येतात. म्हणजे सरळ उभा दगडी खांब स्वतःच्या वजनाने पायाशी चिरडायला कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) वर जावा लागेल. कॅथेड्रल कुठे, ४०-५० मीटर. आणि नुसता आकारच महत्त्वाचा असेल तर छोट्या मॉडेलमध्ये जे उभं राहतं ते मोठ्या मापातही उभं राहतं. त्या काळच्या गवंड्यांकडे बलांचं गणित नव्हतं, प्रमाणं होती, रुंदीच्या अमुक हिश्शाएवढी खांबाची जाडी अशी, आणि ही प्रमाणं लहानाची मोठी करताना चालतात त्याचं कारण हेच. याला गुप्त ज्ञान म्हणणं म्हणजे पिढ्यानपिढ्या छिन्नी चालवणाऱ्या माणसांच्या कष्टावर पाणी टाकणं आहे. आपल्याकडे किल्ल्यांबद्दल आणि लेण्यांबद्दलही असलीच फॉरवर्ड फिरतात, मला त्यांचा तितकाच राग येतो. आणि जी पडली ती कोणी मोजत नाही. इंग्लंडमधल्या कॅथेड्रलचंच घ्या, विंचेस्टरचा टॉवर ११०७ मध्ये, ईलीचा १३२२ मध्ये, लिंकनचा मनोरा १५४८ मध्ये पडला.

पडण्याची सगळ्यात मोठी गोष्ट फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलची. हे पॅरिसच्या उत्तरेला, स्वस्त एअरलाइन्स "पॅरिस" म्हणून जिथे उतरवतात तेच गाव, तर तिकडे उतरलातच तर कॅथेड्रल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. १२२५ ला काम सुरू, १२७२ ला पूर्वेकडचा भाग पूर्ण, व्हॉल्ट ४८ मीटर उंच, गॉथिकमध्ये सगळ्यात उंच. १२८४ मध्ये त्यातला काही भाग कोसळला. कारणांवर आजही वाद आहे. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट मार्क यांनी प्लॅस्टिकच्या मॉडेलवर वजनं टांगून ध्रुवीकृत प्रकाशात बघितलं (दाब जिथे जास्त तिथे रंगीत पट्टे दाट होतात), आणि वाऱ्याच्या जोराने बाहेरच्या मधल्या खांबात ताण येऊन भेगा पडत गेल्या असाव्यात असं मांडलं. पटण्यासारखं आहे, कारण उंची वाढते तसा वारा वाढतो आणि वाऱ्याला प्रमाणांचा नियम माहीत नसतो. १२८४ नंतर बांधणाऱ्यांनी मधे जादा खांब घालून ते परत बांधलं, मग १५६९ ला १५३ मीटरचा टॉवर चढवला, तो १५७३ मध्ये पडला. पुढचा मुख्य हॉल कधी झालाच नाही. आत गेलात की आजही लाकडी आधार लावलेले दिसतात. १९६० च्या दशकात तिथल्या बट्रेसमधल्या लोखंडी सळ्या कुरूप आणि बिनकामाच्या म्हणून काढून टाकल्या, तर वाऱ्यात इमारत इतकी हलायला लागली की त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पुन्हा स्टीलच्या लावाव्या लागल्या.

नोत्र दामला २०१९ मध्ये याच्या उलटी भीती होती. १५ एप्रिलला वरचं ओकचं छप्पर जळालं, १९ व्या शतकातला मनोरा व्हॉल्ट फोडून खाली आला, पण व्हॉल्टचा बराचसा भाग, जो खूप ठिकाणी जेमतेम १५ सेंटिमीटर जाड आहे, वरून जळती लाकडं पडूनही टिकला. आता व्हॉल्ट जखमी झाला तर आतून बाहेर येणारा रेटा कमी होणार, आणि बाहेरच्या अर्धकमानी मात्र आत रेटतच राहणार. म्हणून सुरुवातीच्या मोठ्या कामांत दुरुस्ती करणाऱ्यांनी प्रत्येक अर्धकमानीखाली तिच्या मापाचं लाकडी सेंट्रिंग नेऊन बसवलं, बांधताना लावतात तसंच.

आत गेल्यावर छोटी दुर्बीण असेल तर व्हॉल्टच्या माथ्याकडे लांबून बघा. खूप जुन्या चर्चमध्ये तिथे लांबच लांब भेग दिसते, कधी बुजवलेली असते. आधार शतकानुशतकं किंचित बाहेर सरकतात, कमान तेवढी पसरते आणि माथ्याला खालून फट पडते, तिथे ती बिजागरी झालेली असते. तीन बिजागऱ्यांची कमान उत्तम उभी राहते, चौथी झाली तर मात्र यंत्रासारखी हलायला लागते. खांबांच्या कडेकडेनेही वर नजर न्या, बरेच खांब ओळंब्यात नसतात, वरच्या बाजूला थोडे बाहेर झुकलेले असतात. आपण ज्या रेट्याबद्दल बोललो त्याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे.