जास्त रंग म्हणजे जास्त उजेड नव्हे

प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश शोषून पुन्हा सोडणाऱ्या, रंगाचे जितके रेणू जोडाल तितकं प्रथिन उजळ दिसेल, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. फ्लुओरेसीन हा असाच एक रंग. तो 494 नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, सुमारे 518 ला सोडतो. हे दोन्ही पट्टे एकमेकांवर पडतात. रेणू दाटीने बसले की एकाची ऊर्जा शेजारचा घेतो, त्यांच्या जोड्या जमतात आणि उजेड विझतो. शिवाय हा रंग प्रतिपिंडातल्या लायसीन या अमिनो आम्लावर बसतो. ते लायसीन नेमकं लक्ष्य प्रथिन पकडण्याच्या जागी असेल तर पकडच सुटते. हे नुकसान अधिक वाईट, कारण द्रावण चमकतच राहतं आणि शंका येत नाही.

आयजीजी या नेहमीच्या प्रकारच्या प्रतिपिंडाला रंगाचे साधारण 3 ते 6 रेणू पुरतात. रंग एनएचएस एस्टर, म्हणजे अमाइन गटांना जोडला जाणाऱ्या रूपात असेल तर जोडणी 0.1 मोलर सोडियम बायकार्बोनेटमध्ये, पीएच 8.3 ला करा. द्रावणात ट्रिस किंवा ग्लायसिन अजिबात नको. त्यांचे अमाइन गटच रंग गिळतात. मोकळा रंग जेल गाळणीने काढल्याशिवाय दर प्रतिपिंडामागे रंगाचे किती रेणू हे प्रमाण मोजलं तर आकडा फुगतो. प्रथिन 280 नॅनोमीटरच्या शोषणावरून मोजतात, पण रंगही तिथे शोषतो, म्हणून तिथल्या आकड्यातून 494 च्या शोषणाचा सुमारे 0.3 पट भाग वजा करा. प्रतिपिंडाच्या 5, 10 आणि 15 पट मोल रंग घेऊन तीन तुकड्या बनवा आणि लक्ष्य प्रथिन असलेल्या व नसलेल्या नमुन्यांतला फरक पाहून निवड करा.