हौद्यातला पेला मागे का उडत नाही?

टेक्सासात पुतण्याकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. ऑस्टिनहून सेगीनकडे जाणाऱ्या १३० क्रमांकाच्या टोल रस्त्यावर त्याचा नवा पिकअप ताशी ८५ मैलांनी, म्हणजे १३७ किलोमीटरने पळत होता. घाई कसली नव्हती. त्या पट्ट्यात वेगमर्यादाच तेवढी आहे, अख्ख्या अमेरिकेत सर्वांत जास्त. मी मान वळवून मागच्या काचेतून रिकाम्या हौद्याकडे बघत होतो. तिथे कॉफीचा एक कागदी पेला पडला होता आणि तो काही केल्या उडून जात नव्हता. घरंगळत पुढे यायचा, केबिनच्या पाठीला चिकटायचा, थोडा वर उचलला जायचा, मागे पडायचा आणि परत पुढे. एवढ्या वाऱ्यात!

पुतण्याचं दुःख वेगळंच होतं. "काका, शोरूममध्ये काचेवर हायवेचं २४ लिहिलं होतं. आता बघा." डॅशबोर्डच्या पडद्यावर १७ दिसत होतं. हे मैल प्रति गॅलन. आपल्या हिशेबात लिटरला सव्वादहा किलोमीटर सांगितले होते आणि मिळत होते सव्वासात. गाडी घेतली तेव्हा नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, तरी ही गत. वर शेजाऱ्याने सल्ला दिला होता की हायवेला हौद्याचा मागचा फाळका, म्हणजे मागची झडप, पाडून चालव, हवा आरपार जाते, ॲव्हरेज वाढतं.

पेल्याचं कोडं, फाळक्याचा सल्ला आणि ते १७, तिन्हींच्या मागे हवाच आहे.

आधी त्या २४ बद्दल, कारण कंपन्या थापा मारतात असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. तो आकडा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, ठरवून दिलेल्या पद्धतीने काढतात. गाडी रस्त्यावर धावतच नाही. खोलीत रोलरवर चाकं फिरतात, ड्रायव्हर पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमीजास्त करतो आणि धुरातला कार्बन मोजून किती पेट्रोल जळलं ते काढतात. मग हवेचा रोध कुठून आला? त्यासाठी आधी मोकळ्या ट्रॅकवर गाडी ताशी ११५ किलोमीटरच्या वर नेऊन न्यूट्रल करतात आणि ती आपसूक कशी मंदावते ते नोंदवतात. त्यावरून निघालेला रोध रोलरला शिकवला जातो. पद्धत सुरेख आहे. गोम आहे ती वेगात. हायवेची मूळ चाचणी १९७० च्या दशकातली, अमेरिकेत ५५ मैलांची वेगमर्यादा होती तेव्हाची. तिचा सरासरी वेग ताशी ४८ मैल आणि कमाल ६०. २००८ पासून हिशेबात ८० मैलांपर्यंत जाणारी एक चाचणी, एसीची एक आणि उणे ७ अंशांच्या थंडीतली एक, अशा आणखी तीन आल्या. पण बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत शहराची आणि हायवेची अशा जुन्या दोनच चाचण्या करून सूत्राने आकडा खाली ओढतात. गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआय संस्थेचं प्रमाणपत्र पाहून गाडी घेणाऱ्यांना हे दुःख नवं नाही. आपल्या चाचणीतही कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच असतो.

तर हवा. रोध वाढतो वेगाच्या वर्गाने, हे शाळेत झालंय. एफ-१५०, सिल्व्हराडो, रॅम १५०० या जातीच्या पूर्ण आकाराच्या पिकअपचा समोरून दिसणारा चेहरा सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास असतो. एखाद्या छोट्या खोलीची भिंत पुढे ढकलत नेतोय असं समजा. रोधांक, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडवतो त्याचा आकडा, ०.४ धरू. ताशी ६० मैलांना हवा साधारण ५६० न्यूटनने मागे ढकलते, ८५ ला ११२५ न्यूटनने. म्हणजे दुप्पट. टायरांचा रोध दोन्हीकडे सव्वादोनशेच्या घरात. बेरीज केली तर चाकांवर ६० ला २८ अश्वशक्ती पुरतात, ८५ ला ६९ लागतात. पेट्रोल मात्र तेवढ्या पटीत वाढत नाही. एकतर तेच अंतर कमी वेळात कापलं जातं आणि शिवाय मोठं इंजिन अर्धवट कामावर असतं तेव्हा ते आळशी असतं, ओझं वाढलं की कार्यक्षमता थोडी सुधारते. तरी १७ चा उलगडा इथेच झाला. बिघाड कसलाच नव्हता.

आता माझा आवडता भाग. हवेचा रोध म्हटलं की आपल्याला वाटतं गाडी नाकाने हवा फाडते, तिथेच सगळी ताकद जाते. खरं दुखणं शेपटाकडे असतं. पावसाळ्यात पुलाच्या खांबाशी उभं राहून बघा. खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी आपटून चढतं, तर मागच्या अंगाला एक खोलगट जागा तयार होते. तिथे सापडलेला ओंडका प्रवाहाबरोबर जात नाही, उलट खांबाकडे ओढला जातो आणि गोल गोल फिरत राहतो. पाण्याला खांबामागच्या कोपऱ्यात एकदम वळता येत नाही, ते सुटून जातं, आणि मागे राहिलेल्या पोकळीत भोवरा बसतो.

पिकअपच्या केबिनचं छप्पर मागे असंच एकाएकी संपतं. छपरावरून आलेली हवा तिथून सुटते आणि हौद्यावरून मागे जाता जाता हळूहळू खाली उतरते. बरीचशी फाळक्याच्या माथ्यावरून निघून जाते. थोडी फाळक्याला आतून आपटते, खाली वळते, हौद्याच्या तळावरून पुढे केबिनकडे येते, केबिनच्या पाठीवरून वर चढते आणि छपरावरून येणाऱ्या प्रवाहात पुन्हा सामील होते. हौद्यात हवेचं एक आडवं लाटणं फिरत असतं. वरच्या बाजूने मागे, तळाच्या बाजूने पुढे. पेला तळाला होता. ताशी ८५ मैलांनी पुढे जाणाऱ्या गाडीत त्याच्या वाट्याला वारा मागून येत होता!

यात गंमत अशी की हे लाटणं बाहेरच्या हवेच्या दृष्टीने बेअरिंगचं काम करतं. वरून धावणारी हवा हौद्याच्या खड्ड्यात न कोसळता त्याच्या पाठीवरून घसरत पुढे जाते, जणू हौद्यावर न दिसणारं झाकण आहे. आता थोडं आकड्यात, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. ८५ मैलांना हवेचा गतिज दाब, म्हणजे घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येतो तो, सुमारे ८६५ पास्कल. केबिनच्या पाठीवर आजूबाजूच्या हवेपेक्षा समजा याच्या एक पंचमांशाने दाब कमी पडला, तर दर चौरस मीटरला १७३ न्यूटन होतात. साडेसतरा किलो वजनाइतक्या जोराने कुणी मागे खेचत असल्यासारखं. हौद्यातली हवा फाळक्यालाही आतून मागे ढकलते, ते नुकसानच. पण फाळका असल्यामुळे लाटणं जागेवर राहतं आणि केबिनच्या पाठीवरचा दाब फार खाली जात नाही. या देण्याघेण्यात जे उरतं तो पिकअपचा रोध. फाळका पाडला की एक नुकसान जातं, पण लाटण्याची मागची भिंतही जाते. बांध फुटतो, भोवरा मागे सांडतो, केबिनमागची पोकळी वाढते. म्हणून फाळका पाडून जाणवण्याजोगी बचत होत नाही, पुष्कळदा रोध थोडा वाढतोच. हौद्यावर घट्ट ताणलेलं कव्हर टाकलं तर थोडा फायदा होतो, तोही कव्हरची किंमत पटकन वसूल होईल इतका नव्हे.

शेजाऱ्याच्या सल्ल्यात निदान हवेचा विचार तरी होता. पेट्रोलच्या नळीवर लोहचुंबक बसवून मायलेज वाढवणारे तिकडेही आहेत आणि आपल्याकडेही. रेणू एका ओळीत उभे राहतात आणि पूर्ण जळतात, असं ते सांगतात. पेट्रोल चुंबकाला दाद देणारा पदार्थ नाही, आणि आधुनिक इंजिनात ते आधीच जवळजवळ संपूर्ण जळतं. वाया जाते ती उष्णता. ईपीएने अशी शंभरावर यंत्रं आणि पुड्या तपासल्या. मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. चाकाखालचं लिंबू निदान दहा रुपयांत येतं.

इंजिनाकडच्या युक्त्या खऱ्या आहेत, पण त्यांचं भांडण याच हवेशी. आठ सिलिंडरांचं इंजिन हलक्या ओझ्यावर काही सिलिंडर झोपवून ठेवतं, छोटं टर्बो इंजिन जोर लागेल तेव्हाच मोठ्या इंजिनासारखं वागतं. ८५ मैलांना झोपलेले सिलिंडर जागे होतात आणि टर्बो फुंकर मारत राहतो. २०१५ मध्ये एफ-१५० चं अंग ॲल्युमिनियमचं झालं, काही प्रकारांत वजन ३०० किलोंहून जास्त घटलं. त्याचा लाभ शहरात थांबत-निघत जाताना जास्त. सपाट हायवेवर एकसारख्या वेगात हवा तुमचं वजन विचारत नाही. मागे उंच ट्रेलर-घर जोडलं तर हवेपुढे दुसरी भिंत उभी राहते आणि मायलेज निम्म्यावर येऊ शकतं. काचेवरच्या आकड्यासाठी ट्रेलर लावून चाचणी घेतच नाहीत.

मैल प्रति गॅलन हे माप तसं फसवंच. १२ चे १५ झाले तर दहा हजार मैलांत १६७ गॅलन वाचतात. ३० चे ४० झाले तर ८३. म्हणून पिकअपवाल्याने दोन-तीन आकड्यांसाठी जीव टाकणं वेडेपणाचं नाही.

येताना पुतण्याला म्हटलं, उजव्या लेनमध्ये ये आणि ६५ वर लाव. "अरे काका, झोप येईल." पण लावलं त्याने. पेला अजून हौद्यात होता, फक्त आता जरा आळसावल्यासारखा घरंगळत होता. पडदा जरा उदारच असतो, म्हणून जातानाही आणि येतानाही टाकी काठोकाठ भरून हिशेब केला होता. जाताना १७ आले होते, येताना २३. चाळीस मैलांत सव्वादोन लिटर पेट्रोल वाचलं. मी पावती दाखवली. त्याने घड्याळ दाखवलं.

"आणि नऊ मिनिटं गेली, काका."