आवाज नेमका अडला कुठे?

घरातल्या कॉम्प्युटरचा आवाज गेला की दुरुस्तीच्या दुकानात एक उत्तर हमखास मिळतं: ‘विंडोज मारावं लागेल’, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल. मग फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, हिशेबाच्या फाइली कुठेतरी काढून ठेवायची धावपळ होते, पैसे जातात, आणि एवढं करूनही आवाज परत येईलच याची खात्री नसते. आवाज जाण्याचं कारण एकच नसतं. फाइलपासून स्पीकरच्या पडद्यापर्यंत पोचायला आवाजाला सात-आठ टप्पे पार करावे लागतात. त्यांतला कुठलाही एक अडला तरी आपल्याला शांतताच मिळते. म्हणून इलाज करण्याआधी अडलेला टप्पा शोधायला हवा, आणि तो बहुतेक वेळा घरबसल्या, एकही स्क्रू न उघडता सापडतो.

गाण्याच्या फाइलमध्ये आवाज नसतो, आकडे असतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीपासून रूढ झालेला हिशेब असा: प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवरचा. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनं ऐकू येतात. एखादी लहर आकड्यांत पकडून पुन्हा जशीच्या तशी उभी करायची, तर तिच्यातल्या सर्वांत वेगवान कंपनाच्या दुपटीहून जास्त वेळा मोजणी करावी लागते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारयंत्राचा अभ्यास करताना या नियमाची पायाभरणी केली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो सिद्धतेसह मांडला. २०,००० ची दुप्पट आणि वर थोडी सवड, म्हणून ४४,१००.

प्लेअर किंवा ब्राउझर हे आकडे फाइलमधून उलगडतो. विंडोज सगळ्या प्रोग्रॅमचे आकडे एकत्र करून त्यांची एकच धार बनवते; गाणं चालू असतानाच मेल आल्याची घंटी ऐकू येते ती या बेरजेमुळे. ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि चिप यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम, ही धार मेमरीत ठरलेल्या जागी ठेवतो आणि तिथून ती मदरबोर्डवरच्या कोडेक नावाच्या चिपकडे जाते. घरगुती कॉम्प्युटरमध्ये ही चिप बहुतेकदा रियलटेक या तैवानी कंपनीची असते. आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर होतं ते इथे, नखाएवढ्या या चिपमध्ये. पुढे पिन, वायर, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर.

एवढ्या लांब साखळीत शोध कुठून सुरू करायचा? माझं मत ठाम आहे: मधून. एका टोकाला धरून एकेक कडी तपासत गेलं तर आठ कड्यांना सात-आठ तपासण्या लागू शकतात. मध्यावर एक प्रश्न विचारला की अर्धी साखळी निर्दोष ठरते, उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर दुसरा प्रश्न, मग तिसरा. आठ कड्यांना तीन प्रश्न पुरतात.

आणि विंडोजमध्ये हा मध्य डोळ्यांनी दिसतो. साउंड सेटिंग्ज उघडून ‘मोअर साउंड सेटिंग्ज’वर क्लिक केलं (विंडोज १० मध्ये ‘साउंड कंट्रोल पॅनल’) की जुन्या धाटणीची एक छोटी खिडकी उघडते. तिच्या ‘प्लेबॅक’ यादीत प्रत्येक उपकरणासमोर एक उभी पट्टी असते. म्यूट नाही ना हे पाहून गाणं लावा आणि पट्ट्यांकडे बघा. आपल्या स्पीकरसमोरची पट्टी हिरवी होऊन वरखाली नाचत असेल, तर आकडे विंडोजपर्यंत व्यवस्थित पोचले आहेत आणि बिघाड त्याच्या पुढे आहे. पट्टी मेलेली असेल तर बिघाड अलीकडे आहे. हे बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.

कधी कधी नाचते ती भलत्याच नावासमोरची पट्टी. माझ्या मते घरातल्या गेलेल्या आवाजांत हे कारण सगळ्यांत जास्त भेटतं. एचडीएमआयच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा त्यालाच स्पीकर समजून सगळा आवाज तिकडे पाठवते, आणि त्या मॉनिटरमध्ये स्पीकर नसतोच. ब्लूटूथचंही तसंच: आवाज कपाटातल्या इअरबड्समध्ये वाजत असतो आणि आपण लॅपटॉप हलवून बघत बसतो. हव्या त्या नावावर क्लिक करून ‘सेट डिफॉल्ट’ म्हटलं की काम झालं. सगळ्याच पट्ट्या मेलेल्या असतील तर ब्राउझरचा टॅब म्यूट आहे का, व्हॉल्यूम मिक्सरमध्ये त्या प्रोग्रॅमची सरकपट्टी खाली आहे का हे बघा. तेही ठीक असेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘विंडोज ऑडिओ’ रीस्टार्ट करा. या बाजूला फारसं काही दडलेलं नसतं.

पट्टी नाचते पण कानाला काही येत नाही, ही स्थिती जास्त रंजक. आता उरलेल्या साखळीच्या मध्यावर, म्हणजे पिनेपाशी, दुसरा प्रश्न विचारायचा. तुमचे स्पीकर स्वतःच्या अॅडॅप्टरवर किंवा प्लगवर चालणारे असतील तर त्यांची ऑडिओ पिन कॉम्प्युटरमधून काढा, स्पीकर चालूच ठेवा, आवाज आधी कमी ठेवा आणि पिनेच्या टोकाला बोट लावा. स्पीकरमधून घूं असा घोगरा आवाज आला पाहिजे. नाही आला तर व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. हा आवाज घरातल्या विजेचा आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांनी दिशा बदलते, भिंतीतल्या तारांभोवतीचं तिचं क्षेत्र आपल्या शरीरात अगदी सूक्ष्म प्रवाह निर्माण करतं, आणि बोटातून पिनेत उतरलेला तो प्रवाह अॅम्प्लिफायर वाढवून ऐकवतो. घूं ऐकू आलं म्हणजे पिन, वायर, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर चारही निर्दोष, दोष कॉम्प्युटरकडे. वायर मधे वाकवत हाच प्रयोग केला तर आतून तुटलेली वायरही पकडता येते.

पिनेकडे जरा निरखून बघा. तिच्यावर दोन काळे पट्टे असतील तर तिचे तीन भाग झाले: टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्याची आणि मुळाशी असलेला भाग दोघांचा सामाईक परतीचा मार्ग, म्हणजे ‘अर्थ’ (अर्थिंगमधला). तीन पट्टे असतील तर चौथा भाग माइकचा. हेडफोनमध्ये कधी एक विचित्र प्रकार घडतो: तबला, पेटी, गिटार अस्पष्ट ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. लोकांना वाटतं फाइल खराब आहे. खरं तर पिन पूर्ण आत गेलेली नसते किंवा अर्थचा भाग टेकत नसतो. परतीचा मार्ग तुटला की प्रवाह डाव्या कानातून थेट उजव्या कानाकडे वळतो आणि आपल्याला ऐकू येतो तो दोन बाजूंमधला फरक. ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज मध्यभागी, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. सेटिंग्जमध्ये कितीही बोटं फिरवली तरी हे जाणार नाही, पिन दाबून बसवली की जातं.

पिन जिथे बसते त्या जॅकच्या आतही धातूची एक छोटी पट्टी असते. पिन आत शिरताना ती सरकते आणि त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की हेडफोन लागला, आता आतले स्पीकर बंद करा. ही पट्टी अडकली किंवा तिच्यावर पुटं चढली तर पिन काढल्यावरही लॅपटॉप हेडफोन लागलेलाच समजतो. कोकणात खाऱ्या दमट हवेत आणि एकंदरच पावसाळ्यात धातूचे असे बारीक संपर्क लवकर काळवंडतात. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केली की बरेचदा पट्टी सुटते. नाहीतर पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, कॉम्प्युटर बंद ठेवून तेच करा. सुई किंवा टाचणी मात्र आत घालू नका. असेंबल केलेल्या डेस्कटॉपला पुढच्या जॅकमधून आवाज येत नसेल तर मागच्या हिरव्या जॅकमध्ये पिन लावून बघा. मागचा जॅक थेट बोर्डावर असतो, पुढचा एका केबलने बोर्डाला जोडलेला असतो आणि जुळणी करताना ती केबल लावायची राहून गेलेली असू शकते.

आता तिसरा प्रश्न: ड्रायव्हर की चिप? कोडेकच्या प्रत्येक पायासाठी ३२ बिटांची एक नोंद असते. हा पाय कुठल्या जॅकला गेलाय, जॅक पुढे आहे की मागे, त्याचा रंग कोणता, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं, म्हणून सर्वसाधारण ड्रायव्हरही ते वाचून काम चालवू शकतो. पण काही लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी वेगळी अॅम्प्लिफायर चिप असते आणि तिला जागं करण्याची रीत फक्त त्या कंपनीच्या ड्रायव्हरला ठाऊक असते. विंडोजच्या अपडेटने तो जाऊन सर्वसाधारण ड्रायव्हर आला की स्क्रीनवरची पट्टी नाचत राहते आणि स्पीकर गप्प. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’चं बटण दाबता येत असेल तर दाबा, नाहीतर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. यानंतर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन करताना ड्रायव्हरसकट गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच पुन्हा उचलली जाते, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

तरीही शंका उरली तर उबंटूची (विंडोजऐवजी चालणाऱ्या, लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीची) पेनड्राइव्ह बनवा, तिच्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि काहीही इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ पर्यायात गाणं वाजवा. आवाज आला तर चिप शाबूत आहे, दोष विंडोजच्या बाजूचा. विंडोज मारण्याचा सल्ला विचारात घ्यावा तो या निकालानंतर, आधी नाही. आवाज नाही आला तर मात्र घाईने चिपला दोषी धरू नका; वर सांगितलेल्या खास अॅम्प्लिफायरची अडचण लिनक्सलाही येते. तेव्हा शेवटची तपासणी यूएसबी साउंड कार्डची. काहीशे रुपयांना मिळणाऱ्या या तुकड्यात स्वतःची कोडेक चिप आणि स्वतःचे जॅक असतात आणि सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ते लावून हेडफोनमध्ये आवाज आला आणि योग्य ड्रायव्हर टाकूनही बोर्डाच्या जॅकमधून तो येत नसेल, तर चिप किंवा जॅक गेला आहे. त्यासाठी मदरबोर्ड बदलू नका. तेच कार्ड कायम लावून ठेवा, बहुतेक कार्डांत माइकचीही सोय असते.