परीक्षा विद्यार्थ्यांची, प्राध्यापक मोकळे

'माहिती साक्षरता', म्हणजे हवी ती माहिती शोधून, पारखून वापरता येणं, हा शब्द ग्रंथालयात जन्मला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात १९७४ मध्ये तो पॉल झुरकोव्स्की यांनी वापरात आणला. ते अमेरिकेतल्या माहिती उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या नजरेसमोर विद्यार्थी नव्हता, नोकरी करणारा माणूस होता. देशातले जेमतेम एक षष्ठांश लोक असे साक्षर असावेत, असं त्यांनी लिहिलं. आकडा अर्थातच अंदाजाचा. मोजायला साधनच नव्हतं.

पुढे ग्रंथपालांनी हा विषय उचलला आणि रोख विद्यार्थ्यांकडे वळला. माहितीची गरज ओळखणं, ती शोधणं, पारखणं आणि वापरणं ही व्याख्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने १९८९ मध्ये रूढ केली. २००० मध्ये उच्च शिक्षणासाठी ५ मानकं आली, त्यांखाली २२ निर्देशक. मानकं आली की चाचणी आलीच. अमेरिकेतल्याच केंट स्टेट विद्यापीठात 'सेल्स' (SAILS) ही बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी तयार झाली. हजारोंची उत्तरं झटपट तपासता येतात, ही तिची मोठी सोय. पण योग्य पर्यायावर खूण करणारा विद्यार्थी स्वतःच्या निबंधासाठी संदर्भ शोधताना तसंच वागेल, याची हमी अशा प्रश्नांतून मिळत नाही. म्हणून काही ठिकाणी निबंधाची संदर्भसूचीच निकष लावून तपासू लागले. काम वेळखाऊ, पण माझ्या मते जास्त प्रामाणिक.

ऑस्ट्रेलियन संशोधक क्रिस्टीन ब्रूस यांनी मात्र १९९७ मध्येच वेगळी वाट धरली होती. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापक-ग्रंथपालांशी बोलून त्यांनी ही साक्षरता लोक कोणत्या सात प्रकारे अनुभवतात ते मांडलं. त्यात गुण देण्याचा प्रश्नच नव्हता. २०१६ मध्ये अमेरिकेतली जुनी मानकंही मोडीत निघाली आणि त्यांच्या जागी सहा संकल्पनांची चौकट आली. ती मोजायला आणखी अवघड.

प्राध्यापकांना हे कौशल्य येतंच, हे गृहीतक या सगळ्यात बहुधा तसंच राहिलं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासक आणि २५ पदवी विद्यार्थ्यांना संकेतस्थळं पारखायला दिली. तथ्यतपासक लगेच नवा टॅब उघडून संकेतस्थळामागच्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहायचे. पीएच.डी. झालेले इतिहासकार मात्र बरेचदा विद्यार्थ्यांसारखेच त्याच पानावर वाचत राहिले आणि भारदस्त लोगोला फसले.