वनस्पती संप्रेरके

वनस्पती संप्रेरके : वनस्पतीच्या शरीरात अत्यल्प प्रमाणात तयार होऊन तिची वाढ, फुलोरा, फळधारणा, पानगळ आणि भोवतालच्या बदलांना मिळणारा प्रतिसाद यांचे नियमन करणारी द्रव्ये. प्राण्यांसारख्या वेगळ्या ग्रंथी वनस्पतींत नसतात. शेंडे, कोवळी पाने, मुळांची टोके, बिया अशा अनेक ठिकाणी संप्रेरके तयार होतात. ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, अ‍ॅबसिसिक आम्ल आणि एथिलीन हे त्यांतले प्रमुख गट. एका संप्रेरकाला एकच काम नेमून दिलेले नसते. ते कोणत्या अवयवात, किती आणि वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, यावर परिणाम ठरतो.

गवताच्या कोंबाचे टोक झाकले की तो प्रकाशाकडे वळत नाही, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवले. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२० च्या दशकात ओटच्या कोंबांची कापलेली टोके अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यांवर ठेवली आणि नंतर ते तुकडे बिनटोकाच्या कोंबांवर एका कडेला बसवले. अंधारातही कोंब विरुद्ध बाजूला वाकले. टोकातून अगारमध्ये उतरलेले हे द्रव्य म्हणजे ऑक्सिन. ते सावलीच्या बाजूला जास्त साचते, तिथल्या पेशी अधिक लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. मुळात मात्र वाढलेले ऑक्सिन वाढ रोखते, म्हणून आडवे पडलेले मूळ जमिनीकडे वळते. शेंड्यातून उतरणारे ऑक्सिन पानांच्या बगलेतल्या डोळ्यांना (कळ्यांना) दाबून ठेवते. तुरीचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात त्या यामुळेच. २,४-डी हे तणनाशक कृत्रिम ऑक्सिन आहे. ते मारलेला पंप नीट न धुता कपाशीवर वापरला, तर नवी पाने भेंडीसारखी चिरलेली आणि चिंचोळी निघतात.

जिबरेलिनचा शोध भाताच्या रोगातून लागला. ‘बाकानाए’ झालेली रोपे फिकट पडून अवाजवी उंच वाढत आणि लोळत. रोगाच्या बुरशीचे नुसते गाळलेले द्रावणही हाच परिणाम घडवते, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानमध्ये सिद्ध केले. आज नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत ‘जीए’ (जिबरेलिक आम्ल, एक जिबरेलिन) हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. मणी फुगवणारे जिबरेलिन एरवी बियांतून मिळते. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीत बी वाढतच नाही, म्हणून ते बाहेरून द्यावे लागते. घड पोपटी असताना फवारले तर पाकळ्या (घडाच्या उपशाखा) लांबतात, फुलोऱ्यात विरळणी होते, आणि मणी धरल्यावर घड द्रावणात बुडवले की फुगवण होते. द्रव्य तेच, पण वेळ बदलली की काम बदलते. संप्रेरकांचा स्वभाव समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. उलट कोकणात हापूसच्या बुंध्याभोवती दिले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल झाडातली जिबरेलिनची निर्मिती अडवते, त्यामुळे पालवी आवरते आणि मोहोर येतो. हरितक्रांतीतले बुटके गहू जिबरेलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. त्यांची ताटे आखूड राहतात आणि भरल्या ओंबीच्या भाराने लोळत नाहीत.

पाण्याचा ताण पडला की अ‍ॅबसिसिक आम्ल वाढते. पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, पाठोपाठ पाणी जाते आणि रंध्रे मिटतात. हेच आम्ल बियांना सुप्तावस्थेत ठेवते. सायटोकायनिन पेशीविभाजन घडवते. ऊतिसंवर्धनात (टिश्यू कल्चर) त्याचे ऑक्सिनशी प्रमाण वाढवले तर कोंब फुटतात, कमी केले तर मुळे.

एथिलीन हा वायू आहे. पिकत्या फळातून तो बाहेर पडतो आणि शेजारची फळेही पिकवतो. कॅल्शियम कार्बाइडपासून निघणारा अ‍ॅसिटिलीन त्याची नक्कल करतो, पण कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. फळे पिकवण्यासाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आहे आणि ती काटेकोर पाळली गेली पाहिजे. रायपनिंग चेंबरमध्ये (फळे पिकवण्याच्या बंद खोलीत) एथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे.

स्ट्रायगोलॅक्टोन हा संप्रेरकांचा आणखी एक गट फांद्या फुटणे आवरतो. मुळांतून मातीत झिरपून तो उपयुक्त बुरशींना बोलावतो, पण ज्वारीवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाचे बीही त्याच खुणेने रुजते. फॉस्फरस कमी असला की मुळे हे द्रव्य जास्त सोडतात. टारफुल्याचा उपद्रवही निकस जमिनीतच अधिक दिसतो.